नोकरीच्या नावाने आधार, पॅन, पासबुक आणि सेल्फी भामट्याला पाठवला. आता नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सांबरा विमानतळावर ग्राउंड स्टाफची जागा आहे असं व्हॉट्सअॅपवर कुणीतरी सांगितलं. तुम्ही आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान आणि हातात आधार धरून काढलेला सेल्फी पाठवला. गणवेशाचे म्हणून १,८५० रुपये यूपीआयने भरले आणि आता तो नंबर लागत नाही. राहता खानापूर तालुक्यात, खातं चंदगडच्या शाखेत.

आधी पुरावा जपा. नंबर ब्लॉक करू नका, चॅट पुसू नका. समोरचा माणूस स्वतःचे मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' करू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट आत्ताच काढा: त्याचा नंबर, प्रोफाइल, बोगस ऑफर लेटर, पैसे गेले तो यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर.

मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे जितके ताजे गेलेले असतील, तितकी ते पुढच्या खात्यात अडवून ठेवण्याची शक्यता जास्त. चार दिवस उलटले असतील तरीही तक्रार कराच. रक्कम लहान आहे, कशाला भानगड, असं घरचे म्हणतील, ऐकू नका. तुमच्या बाबतीत तक्रारीचं खरं मोल त्या १,८५० रुपयांत नाही, तारखेत आहे. उद्या तुमच्या नावावर कर्ज किंवा सिम निघालं, तर 'मी अमुक तारखेलाच कळवलं होतं' हे दाखवायला कागद लागतो. म्हणून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण भरा, कोणकोणती कागदपत्रं गेली ते एकेक नावानिशी लिहा आणि पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा.

खातं महाराष्ट्रात आणि घर कर्नाटकात, म्हणून कुणी तुम्हाला इकडून तिकडे पाठवत असेल तर नम्रपणे पण ठाम राहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न नंतरचा. तुम्हाला खानापूरचं ठाणं चालेल. सायबर गुन्ह्यांसाठी बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारी) ठाणी आहेत. शहराचं वेगळं, जिल्ह्याचं वेगळं, तुम्ही जिल्ह्याच्या ठाण्यात जायचं. तिथली लिखापढी कन्नडमध्ये होईल. तुमची फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांना बंधनकारक आहे, तेव्हा अर्थ नीट समजल्याशिवाय सही करू नका. कन्नड वाचता येणारं कुणी सोबत असेल तर बरंच. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आता आधार. मायआधार पोर्टलवर किंवा आधारच्या अधिकृत अॅपमध्ये जाऊन बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा. त्यानंतर बोटाच्या ठशावर तुमच्या खात्यातून कुणी पैसे काढू शकत नाही. पण रेशन दुकानात तुमचाच अंगठा लागत असेल तर तोही नाकारला जाईल. जायच्या आधी तात्पुरतं अनलॉक करायचं, मशीन बिघडलं म्हणून दुकानदाराशी वाद नको. तिथेच 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' आहे, मागच्या ६ महिन्यांत तुमचं आधार कधी वापरलं गेलं ते दिसतं. अनोळखी नोंद दिसली तर १९४७ या आधारच्या हेल्पलाइनवर कळवा. ओटीपीचा रस्ता मात्र या लॉकने बंद होत नाही, म्हणून आधारला जोडलेलं सिम तुमच्याच हातात हवं. जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर पोस्टमनकडून किंवा आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या.

तुम्ही पाठवलेल्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पॅन आणि सेल्फी या जोडीची. मोबाइलवरून झटपट कर्ज देणारी अॅप्स हेच मागतात. पॅनला आधारसारखं कुलूप नाही, आणि नवीन पॅन काढायच्या फंदात पडू नका. दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपये दंड आहे. नजर ठेवणं हाच उपाय. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद ठेवतात, आणि चौघींनाही दरवर्षी तिचा एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. चारही आजच मागवून संपवू नका. एक आज, दुसरा महिन्याभराने, उरलेले दोन तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. त्यात नुसती कर्जं बघू नका, 'एन्क्वायरी' हा भागही बघा. कर्जासाठी कुणी अर्ज केला की नोंद आधी तिथे उमटते. तुमचं नसलेलं काही दिसलं तर त्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे पोचपावतीची प्रत जोडून लेखी हरकत घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. वसुलीवाले धमकावतात म्हणून एक हप्ताही भरू नका. भरलात की कर्ज तुमचंच होतं हे त्यांना म्हणायला मिळतं.

पासबुकाच्या फोटोवरून थेट पैसे निघत नाहीत, तेवढी धास्ती नको. खातं बदलायचीही गरज नाही. धोका वेगळा आहे. अचानक अनोळखी रक्कम जमा होते आणि 'चुकून आली, या नंबरवर परत पाठवा' असा फोन येतो. ते पैसे दुसऱ्या कुणाला तरी फसवून आणलेले असू शकतात. तुम्ही पुढे पाठवलेत की साखळीत तुमचं नाव लागतं आणि कुठल्यातरी परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं. पैशाला हात लावू नका, शाखेला लेखी कळवा, जिथून आले तिथे बँकच परत करेल. यूपीआय किंवा एटीएमचा पिन जन्मसाल असेल तर आजच बदला, कारण जन्मतारीख आधारवर छापलेलीच आहे.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. तुमचा नसलेला नंबर दिसला तर 'नॉट माय नंबर' निवडून कळवा. महिन्याभराने पुन्हा बघा.

त्यांनी लिंकवरून एखादं अॅप टाकायला लावलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. टाकलं असेल तर ते सगळ्यात आधी: इंटरनेट बंद करा, अॅप काढा, ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा, व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' तपासा, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून.

येत्या आठवड्यांत 'सायबर पोलिसांतून बोलतोय, तुमचे पैसे परत मिळतायत, थोडी फी भरा' असा फोन येण्याची बरीच शक्यता आहे. तुमची माहिती त्यांच्याकडे आहे, त्यामुळे नाव, गाव, आधारचे आकडे ते अचूक सांगतील. फोन ठेवा आणि तोही नंबर सीईएन ठाण्यात कळवून जुन्या तक्रारीला जोडायला सांगा. घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा, कारण तुम्ही सापडला नाहीत तर फोन आईवडिलांना जाईल.