ओपन स्पेसवर मंदिर की वाचनालय?

प्रश्न : ताई, आमचं लेआऊट मानेवाडा रोडच्या पलीकडं आहे, शंभरेक घरं. मधात ओपन स्पेस आहे, तिथं दोन वर्षांपूर्वी गणपतीसाठी चबुतरा बांधला. आता मंडळाची पोरं म्हणतात का खासदार निधी आणू अन् पक्कं मंदिर, सभामंडप बांधू. आमच्यात पाचसहा बौद्ध घरं अन् दोन मुस्लिम घरं आहेत, त्यायचं म्हणणं का पोरायले अभ्यासाले जागा नाही, वाचनालय करा. मी स्वतः मंडळात आहो, देवाले मानतो, पण त्यायचं म्हणणं खोटं वाटत नाही. बोललो तं मंडळ तुटते, नाही बोललो तं झोप येत नाही. काय करू?
— एक वाचक

उत्तर : दादा, मी आपल्या नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला दर मंगळवारी जाणारी बाई आहे, त्यामुळे हे देव न मानणाऱ्याचं बोलणं समजू नका.

चबुतरा दोन वर्षांपूर्वीचा म्हणता, तिथंच अडतंय. सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २००९ ला सांगून ठेवलंय की रस्ते, बागा, सार्वजनिक जागा यांच्यावर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा कशाचंही नवीन अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. ओपन स्पेस सगळ्या शंभर घरांचा आहे, मंडळाचा नाही. आणि खासदार निधीच्या नियमातच आहे की धार्मिक स्थळाच्या आवारात किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर त्या पैशाचं काम घेता येत नाही. संविधानाचं कलम २७ पण बघा, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी म्हणून कोणाला कर भरायला लावता येत नाही. त्या दोन मुस्लिम घरांचाही कर सरकारी पैशात असतोच ना.

पण पोरांना नुसता कायदा दाखवाल तर ती चिडतील, आणि मला त्यांचा राग कळतो, कारण दहा दिवस रात्र जागून, घरोघरी वर्गणी मागून लेआऊटमधल्या माणसांना एकमेकांची तोंडओळख करून देतात ती हीच पोरं. ही ताकद श्रद्धेतूनच येते, सरकारी नोटीस लावून येत नाही. म्हणून त्यांच्याशी बोलताना आपल्या विदर्भातल्या गाडगेबाबांचं नाव काढा. बाबा कीर्तनात गोपाला गोपाला म्हणायचे आणि त्याच कीर्तनात देवापुढं बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा असं सांगायचे, आणि दिवसभर हातात खराटा. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, शाळा काढल्या, स्वतःसाठी काही ठेवलं नाही. २०००-०१ मध्ये सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा गावोगावी माणसं झाडू घेऊन बाहेर आली ती बाबांच्या नावामुळं, पण स्पर्धेत गावांचे नंबर लावताना गावात भजनं किती झाली हे मोजलं नाही, संडास, नाल्या, पाणी हे बघितलं. साफ नालीचा फायदा गावातल्या प्रत्येक घराला झाला, त्या घरात कोणता देव आहे हे न विचारता. मला तुमच्या लेआऊटमध्ये अगदी हेच व्हावंसं वाटतं.

तर शंभरही घरांची मीटिंग लावा आणि समाजभवन अधिक अभ्यासिका असा अर्ज सगळ्या लेआऊटच्या नावानं द्या. गणपती दहा दिवस तिथंच बसेल, १४ एप्रिलचा कार्यक्रम तिथंच, ईद मिलनही तिथंच, रजिस्टरमध्ये तारीख लिहायची आणि घ्यायची. कायमची मूर्ती बसवायची नाही, एवढ्यावर मात्र अडून बसा. आणि आधी विचारा, मग निधी आणा. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर काय झालं आठवा, सरकारी पैशातून अंडरग्राउंड पार्किंगचं काम चालू होतं, लोकांनी ते बंद पाडलं आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. ज्यांची श्रद्धेची जागा त्यांनाच नीट विचारलं नव्हतं, तर कोट्यवधीचा निधी काय कामाचा?

प्रश्न : उमरेडकडं माझ्या बहिणीच्या सासरी पुतण्याला साप चावला. आधी मांत्रिकाकडं नेलं, दोन तास गेले, मग दवाखाना. पोरगं वाचलं. मी तक्रार करते म्हटलं तर म्हणतात आमच्या श्रद्धेत पडू नको.
— एक वाचिका

उत्तर : पोरगं वाचलं हे वाचून जिवात जीव आला बाई. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली, लगेच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात इथं आपल्याच नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा पास झाला. त्यात पूजा, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा, यात्रा यांना हात लावलेला नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. पण साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड.

यात दोषी अडवणारा असतो, घाबरून मिळेल तिकडं पोराला घेऊन पळणारी आई नाही, तेवढा फरक तक्रार करताना ठेवा. मांत्रिकानं जाऊ दिलं नसेल तर जरूर करा. नसेल अडवलं तर मी आधी त्याच्याच घरी गेले असते, कारण गाव त्याचं ऐकतं, आणि तो म्हणाला की पहिले गाडी काढा, मंत्र मी गाडीत बसून म्हणतो, तर पुढचं पोरगं वेळेवर पोचेल. चावलेल्या जागी कापू नका, दोरी आवळू नका, हातपाय हलू देऊ नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं.

प्रश्न : हॉस्पिटलच्या बोर्डावर धर्मादाय लिहिलंय पण काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं. मग धर्मादाय कशाला म्हणायचं?
— एक वाचक

उत्तर : बरोबर चिडलात. दानधर्म म्हणून कोणीतरी दिलं, सरकारनं सवलती दिल्या, त्याचा परतावा गरिबाला मिळावा म्हणून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ कक आहे. अशा हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळी काढायची. इमर्जन्सीत आधी डिपॉझिट म्हणून अडवता येत नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा, आज किती खाटा रिकाम्या आहेत ते विचारा, आणि टाळाटाळ झाली तर तारीख, वेळ, कोण काय बोललं ते लिहून धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका.