नाकाची शस्त्रक्रिया: ठेव मोडावी की हप्ते घ्यावेत?

इंदूरच्या सुदामा नगरातून एका भगिनींचे तीन पानी पत्र आले आहे. त्यांची मुलगी २६ वर्षांची असून तिचा पगार हातात ४२,००० रुपये येतो. शाळेत असताना स्कूटरवरून पडल्यापासून तिच्या नाकाला उंचवटा आहे आणि एक नाकपुडी कायम चोंदलेली असते. फोटो पाहून दोन स्थळांनी 'पत्रिका जुळत नाही' असे कळवले. खरे कारण मध्यस्थ बाईंनी नंतर हळूच सांगितले. विजयनगरच्या एका क्लिनिकने १,६०,००० रुपये अधिक जीएसटी असा खर्च सांगितला असून मासिक हप्त्यांची सोयही देऊ केली आहे. यजमान खासगी नोकरीतून निवृत्त झाले आहेत आणि सहा लाखांची मुदतठेव एवढीच घरची गंगाजळी आहे. ठेव मोडावी, हप्ते घ्यावेत की सराफ्यात पाटल्या गहाण टाकाव्यात, असे त्या विचारतात.

ताई, या तिन्हींपैकी काहीही करू नये, असे माझे मत आहे. शस्त्रक्रियाच करू नये, असे मात्र मी म्हणत नाही.

आधी आकडा नीट पाहू. केवळ रूप बदलण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे बिल १,८८,८०० रुपयांचे होईल. तपासण्या आणि औषधे धरून दोन लाखांच्या खाली हे प्रकरण आटोपणार नाही. दोन लाख रुपये १५ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ६,९३३ रुपये येतो आणि एकूण परतफेड अडीच लाखांच्या घरात जाते. 'बिनव्याजी हप्ते' म्हणून सांगितले, तर प्रक्रिया शुल्क किती आणि रोख भरल्यास सूट किती, हे दोन प्रश्न विचारावेत. व्याज बहुधा तिथेच दडलेले सापडते. मुदतठेव मोडल्यास व्याजदरातील कपात त्यामानाने किरकोळ असेल, पण निवृत्त माणसाच्या घरात रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागला तर हाताशी दुसरे काय आहे, याचे उत्तर आपल्या पत्रात नाही.

आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट आपण ओझरती लिहिली आहे, ती म्हणजे स्कूटरवरून पडणे आणि चोंदलेली नाकपुडी. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र त्या वगळणुकीत येत नाही. १७९२च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवे नाक करून दिले होते. आजच्या पॉलिसीत त्याचा दावा, युद्धाचे कलम आड आले नसते तर, तत्त्वतः बसला असता. जीएसटीतही इजेमुळे बिघडलेली रचना किंवा कार्य पूर्ववत करण्याच्या शस्त्रक्रियेला सूट आहे. म्हणून क्लिनिकला होकार देण्याआधी मुलीला कान-नाक-घसातज्ज्ञांकडे न्यावे. मधला पडदा वाकडा असल्याने श्वास अडत असेल, तर तसे त्यांच्याकडून लेखी घ्यावे आणि तेव्हाच्या पडण्याचा केसपेपर किंवा एक्स-रे घरातल्या जुन्या फायलीत आहे का, हे शोधावे. वैयक्तिक पॉलिसीत पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, नोकरीतल्या सामूहिक विम्यात तो पुष्कळदा माफ असतो. तेव्हा मुलीने कचेरीत चौकशी करावी. पडद्याचा खर्च आणि आकाराचा खर्च यांची बिले वेगळी मागावीत. 'सगळेच पडद्याच्या नावावर दाखवू' असे कोणी सुचवले, तर तिथून उठावे. खोट्या दाव्याने पॉलिसीच रद्द होऊ शकते.

आता स्थळांविषयी. हा खर्च आपण लग्नखर्चात धरला आहे आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. पैशाच्या भाषेत सांगायचे, तर दोन लाख खर्चून विवाह जुळेल अशी हमी कोणतेही क्लिनिक देत नाही. ज्या घराला आज नाक खटकले त्यांना उद्या रंग किंवा उंची खटकेल, आणि त्यासाठी ठेव किती वेळा मोडणार? शिवाय घाईचा उपयोगही नाही. सूज बरीचशी काही आठवड्यांत उतरते, पण नाकाचा अंतिम आकार दिसायला साधारण वर्ष लागते, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त गाठायला म्हणून केलेली शस्त्रक्रिया ते मुहूर्त गाठतच नाही. भुलीचा धोका, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे क्वचित घडणारे प्रकार सोडले, तरी या शस्त्रक्रियेत साधारण ५ ते १५ टक्के लोकांना पुन्हा दुरुस्ती करावी लागते. ती पहिलीपेक्षा अवघड असते, कधी कान किंवा बरगडीची कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, घ्यावी लागते, आणि तिचा खर्च पहिल्या पॅकेजमध्ये आहे की नाही हे कागदावर नसेल तर तो नाही असेच समजावे. शल्यचिकित्सकाकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

लाभ नाकारण्याचे कारण नाही. एखादी ठरावीक गोष्ट माणसाला स्वतःला वर्षानुवर्षे सलत असेल आणि अपेक्षा आवाक्यातली असेल, तर अशा शस्त्रक्रियेनंतर समाधान मिळालेले लोक पुष्कळ आहेत. मात्र आपल्या तीन पानांत मुलीचे स्वतःचे म्हणणे एकाही ओळीत नाही. ते आधी विचारावे, तेही मध्यस्थ बाई घरात नसताना.

तिने हो म्हटले, तर पैसा तिचा असावा. दरमहा १२,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकल्यास १७ महिन्यांत दोन लाख चार हजार आणि वर व्याज जमते, आणि पडद्याचा भाग विम्यातून निघाला तर मुदत आणखी कमी होते. त्या काळात तिचे मन बदलले, तर रक्कम तिच्याकडेच राहते. ठेव तिच्याच नावे, पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप रक्कम वळती होईल अशी सूचना देऊन उघडावी.