वाचकांचे प्रश्न : वाऱ्यावर चालणारी तीनचाकी

प्रश्न : दापोली तालुक्यातील आमच्या गावाला लांब, सपाट किनारा आहे. गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या पुतण्याने जुन्या सायकलींची तीन चाके, जस्ती पाइप आणि निवडणुकीनंतर उरलेला फ्लेक्स वापरून शिडाची गाडी तयार केली. मागच्या दोन चाकांत अडीच फुटांचे अंतर असून शीड ४ चौरस मीटरचे आहे. वारा पाठीमागून असताना गाडी जेमतेम चालली. बाजूने घेतल्यावर मात्र ती सुसाट सुटली आणि काही क्षणांतच आडवी झाली. एका चाकाची रिंग पार आऊट झाली. शीड लहान करावे काय? पाच हजार रुपयांच्या आत ही गाडी धड होईल काय?

उत्तर : शीड लहान करू नका. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात ४ चौरस मीटरच्या शिडावर अंदाजे ९ किलो वजनाइतका रेटा येतो. पण गाडी वाऱ्याला आडवी धरून तितक्याच वेगाने धावू लागली, की समोरून येणारी हवा त्यात मिसळून शिडाला लागणारा वारा २८ किलोमीटरचा होतो, आणि रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो दुप्पट, म्हणजे १८ किलो होतो. हा रेटा जमिनीपासून दीड मीटरवर लागतो असे धरले, तर गाडी उलथवू पाहणारा जोर १८ गुणिले दीड, म्हणजे २७ भरतो. त्याला विरोध करायला गाडी आणि चालक मिळून ११० किलो वजन असले, तरी पुढे एकच चाक असल्याने तोल सांभाळणारे अंतर मागच्या रुंदीच्या निम्मेही नसते. तुमच्या गाडीत ते जेमतेम पाव मीटर असणार. ११० गुणिले पाव म्हणजे साडेसत्तावीस. दोन्ही आकडे जवळपास सारखेच, म्हणजे वारा जरासा वाढायचाच अवकाश. तेव्हा गाडी अगदी हिशेबाने उलटली! मागची रुंदी पाच फूट करा, म्हणजे हेच बळ दुप्पट होईल. पाठीमागून वारा घेतला असता याच्या उलट घडते : गाडी जितकी पळते तितका शिडाला लागणारा वारा कमी होत जातो, म्हणून ती रेंगाळली.

रिंग आऊट होण्यात चाकाचा दोष नाही. सायकल वळताना कलते, त्यामुळे तिच्या आऱ्यांवर बहुतेक भार उभाच येतो. तीनचाकी कलत नाही आणि वाऱ्याचा सारा आडवा दाब आऱ्यांना सोसावा लागतो. बांधकामावरच्या एकचाकी हातगाडीची बुटकी, जाड टायरची चाके यासाठी उत्तम. ती वाळूत रुततही कमी. पाच हजारांतले निम्मे पैसे चाके, बेअरिंग आणि मागचा आस यांवरच जाऊ द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मागची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरली पाहिजेत, अन्यथा वळताना एक चाक फरफटेल. पुढचे चाक दोन्ही पायांनी वळवता येईल अशी आडवी दांडी पुरे. घरी परतल्यावर चाके गोड्या पाण्याने धुऊन बेअरिंगना ग्रीस लावावे. खाऱ्या हवेत लोखंड फार दिवस टिकत नाही.

डोलकाठीसाठी कोकणात मिळणाऱ्या माणगा बांबूसारखा हलका आणि भरीव बांबू दुसरा नाही. सांगाड्याला पाइपचा हातभर तुकडा वेल्डिंग करून त्यात तो बसवावा. फ्लेक्स जड असतो आणि ताणला की सैल पडतो, त्यापेक्षा ताडपत्री घ्यावी. तिची डोलकाठीकडची कड सरळ न कापता मध्यभागी चार-पाच सेंटीमीटर बाहेर फुगवून कापावी आणि दुमडून शिवावी. काठी सरळ असल्याने ते जास्तीचे कापड आत ढकलले जाऊन शिडाला पोट येते, आणि हे पोट नसेल तर गाडी वाऱ्याला आडवी नीट ओढली जात नाही.

तुमचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे आणि दुपारचा वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे जाताना व येताना दोन्ही वेळा तो बाजूनेच मिळतो. असे सुख सगळ्यांना नसते. ओहोटीची ओली, घट्ट वाळू गाठावी आणि भरतीच्या रेषेच्या वर जाऊ नये, कारण तुमच्या भागातील काही किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवे अंडी घालतात. थांबायचे झाल्यास शिडाची दोरी सोडून गाडीचे तोंड वाऱ्याकडे वळवावे. दोरी कधीही बांधू नये, हाताला गुंडाळूही नये. मी ती एकदा मनगटाला गुंडाळली होती आणि पुढचे पंधरा दिवस डाव्या हाताने जेवलो.

प्रश्न : अशा गाड्या वाऱ्यापेक्षा वेगाने धावतात, हे खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खरे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील गेर्डनर या कोरड्या मिठाच्या सरोवरावर ग्लेन ॲशबी यांनी ‘होरोनुकू’ ही गाडी ताशी २२२.४ किलोमीटर वेगाने चालवली, तेव्हा वारा त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी वेगाचा होता. त्याआधीचा विक्रम रिचर्ड जेंकिन्स यांच्या ‘ग्रीनबर्ड’चा, २००९ मधील २०२.९ किलोमीटरचा. वाऱ्याला आडवे धावताना पळण्यामुळे शिडाला लागणारा वारा वाढतच जातो, आणि चाकांचे घर्षण व हवेचा अडथळा या ओढीशी बरोबरी करीपर्यंत वेग वाढत राहतो. विक्रमी गाडीचे शीड विमानाच्या पंखासारखे कडक असते. ताडपत्रीच्या शिडाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. चांगल्या वाऱ्यात ते वाऱ्याच्या वेगाशी बरोबरी करू शकले, तरी गाडी उत्तम साधली असे समजावे.