अमल कार्बोरेटरची जुळणी

प्रश्न: माझ्याकडे १९५६ ची बीएसए बी ३१ मोटारसायकल असून तिला मूळचा अमल कंपनीचा मोनोब्लॉक कार्बोरेटर (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आहे. नुकतेच कार्बोरेटर खोलून साफ करून घेतले, तेव्हापासून इंजिन तापले की द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी बंद पडते आणि मूठ किंचित पिळताच कार्बोरेटरमधून फट् असा आवाज येतो. वेगात मात्र तक्रार नाही. पेट्रोल वाढावे म्हणून बाजूचा स्क्रू दोन फेरे आणखी सोडला, तर त्रास वाढला. मिस्त्री कार्बोरेटरच बदला म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: कार्बोरेटर लगेच बदलू नका. आपण सोडलेला स्क्रू पेट्रोलचा नसून हवेचा आहे. तो बाहेर घेतला की पायलट जेटच्या (मंदगतीला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्राच्या) मार्गात हवा वाढते आणि मिश्रण अधिक विरळ, म्हणजे हवा जास्त व पेट्रोल कमी असे, होते. मूठ उघडताना उमटणारा आवाजही विरळ मिश्रणाचाच आहे, त्यामुळे त्रास वाढणे स्वाभाविक होते.

अमलमध्ये प्रत्येक भागाचा अंमल मुठीच्या ठरावीक टप्प्यावर चालतो. मूठ बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट व हवेचा स्क्रू, तेथून पावभागापर्यंत स्लाइडची (मुठीसरशी वर-खाली होणाऱ्या झडपेची) तिरपी कड, पावभागापासून पाऊण भागापर्यंत निडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि त्यापुढे मेन जेट (पेट्रोलचे मुख्य छिद्र). आपली गाडी वेगात नीट ओढते, म्हणून मेन जेटला हात लावू नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, तेवढ्या उंचीसाठीही तो बदलावा लागत नाही.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), इग्निशनचे टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, पॉइंटमधले सुमारे ०.३ मिलिमीटर अंतर तपासून घ्या. ठिणगीचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जाण्याचे प्रकार फार होतात. त्यानंतर फ्लँज, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणारी सपाट कड, पाहा. साफसफाईनंतर नट जोराने आवळले की जस्तमिश्रधातूचा हा फ्लँज वाकतो, मधल्या फटीतून हवा शिरते आणि आपण वर्णन केली आहेत तशीच लक्षणे दिसतात, म्हणून माझा पहिला संशय याच जागेवर आहे. इंजिन मंद चालू ठेवून सांध्यावर तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत. इंजिनाची गती बदलली तर गळती तेथेच आहे. पेट्रोलने ही परीक्षा कदापि करू नये. वाकलेला फ्लँज सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासला की सरळ होतो. नंतर नवे पॅकिंग बसवून दोन्ही नट आळीपाळीने, बेताने आवळावेत.

पायलट जेट खालच्या बाजूच्या झाकण-नटाआड असते. ते काढून त्याचे छिद्र आणि पुढचे बारीक मार्ग हवेच्या दाबाने साफ करावेत. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण मुळातच थोडे विरळ होते, शिवाय गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधले पेट्रोल साठते त्या कप्प्यात) पांढरी पूड साचते. म्हणून गाडी ठेवून देण्यापूर्वी वाटी रिकामी करावी.

आता जुळणी. पंधरा-वीस मिनिटे गंगापूर रोडने फिरून इंजिन पुरते तापवा. हवेचा स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा, थ्रॉटलचा स्क्रू (मूठ बंद असताना स्लाइड किती उघडी राहील ते ठरवणारा) जरा वर ठेवा. मग हवेचा स्क्रू हळूहळू आत-बाहेर करून ज्या जागी इंजिन सर्वांत जलद व एकसारखे चालते तेथे थांबा, थ्रॉटलच्या स्क्रूने गती उतरवा आणि हे पुन्हा एकदा करा. ती जागा स्क्रू पूर्ण आत असल्यापासून मोजता अर्ध्या फेऱ्याच्या आत आली, तर इंजिन जास्त पेट्रोल मागत आहे. मार्ग स्वच्छ असल्याची खात्री करून मग एक नंबर मोठे पायलट जेट बसवावे.

एवढे करूनही मंदगती स्थिर राहिली नाही, तर स्लाइड बोटांनी हलवून पाहा. स्लाइड आणि कार्बोरेटरचे अंग दोन्ही एकाच प्रकारच्या धातूचे असल्याने परस्परांवर घासून झिजतात. ती खडखडत असेल तर कोणताही स्क्रू हा दोष काढू शकत नाही. अशा वेळी सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुशल लेथ कारागिराकडून अंगाचे बोअर (स्लाइड सरकते ते भोक) सरळ करून स्लाइडला बाही (बाहेरून धातूची नळी) बसवून घेता येते. स्लाइडवर कोरलेला कडेचा नंबर मात्र आधी लिहून ठेवा आणि नवी कड त्याच मापाची ठेवायला सांगा.