कोथरूडमध्ये नवीन इस्टेट एजंट आहे, मार्केटिंगचे पैसे कुठे घालू?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात रिसेलचं, म्हणजे जुने फ्लॅट पुन्हा विकण्याचं काम सुरू केलंय, महिन्याला २५,००० रुपये मार्केटिंगला बाजूला काढलेत, आणि एका जुन्या एजंटने सल्ला दिलाय की घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर बाजारभावापेक्षा दहा-पंधरा लाखांनी स्वस्त असे दोन-चार फ्लॅट टाकून दे, फोन आपोआप वाजतील. पैशांचं नंतर बोलतो. आधी हा सल्ला, कारण नव्या मुलांच्या कानात तो कुणीतरी ओततंच आणि माझा त्याच्याशी जुना वाद आहे.

टाकू नका. फोन येतात हे खरं, पण ज्याला फोन येतो त्याचंच नुकसान होतं. गिऱ्हाईक जो फ्लॅट ७५ लाखांत बघायला निघालं तो अस्तित्वातच नाही. मग तुम्ही त्याला ९० लाखांचा खरा फ्लॅट दाखवता. त्याच्या डोक्यात ७५ पक्के बसलेले असतात, म्हणून खरा फ्लॅट महागच वाटतो आणि वर तुम्हीच लुबाडताय असंही वाटतं. त्याच आठवड्यात त्या सोसायटीतला एखादा मालक पोर्टल बघतो. आपल्या इमारतीचा भाव तुम्ही पाडलात हे त्याच्या लक्षात राहतं आणि पुढे विकायची वेळ आली की तो किल्ली दुसऱ्याकडे देतो. बाकीचे एजंट अशा माणसाला आपला माल शेअर करत नाहीत. रिसेलमध्ये एकाकडे मालक आणि दुसऱ्याकडे गिऱ्हाईक असेच कितीतरी सौदे होतात, ते सगळे हातचे जातात.

कायद्यातही हे लिहिलेलं आहे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, २०१६ च्या कलम १० नुसार, जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात छापू देणं हा एजंटचा गैरव्यवहार आहे. कलम ९ आणि १० मोडलं तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड, तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ‘सगळेच करतात’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता फोन खरे कशाने येतात ते एका उदाहरणावर सांगतो. समजा डहाणूकर कॉलनीत १९९० च्या दशकातली तीन मजली सोसायटी आहे, तिसऱ्या मजल्यावर २ बीएचके, लिफ्ट नाही. मालकांना १ कोटी १० लाख हवेत, कारण शेजारच्या इमारतीतला फ्लॅट पोर्टलवर तेवढ्याला दिसतोय. पोर्टलवरचा आकडा ही फक्त मागणी असते. सौदे कितीला झाले ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाका आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश उघडा. मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख सगळं तिथे असतं. त्याच इमारतीचे आणि आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांचे मागच्या दीड वर्षातले दस्त काढा.

इथे बरेच जण चुकतात. बक्षीसपत्रं आणि घरच्या घरात झालेली हस्तांतरणं आधी बाजूला काढा. मोबदला आणि रेडीरेकनरचं (सरकारी दरतक्त्याचं) मूल्य जवळजवळ तंतोतंत सारखं असेल तो दस्तही भावासाठी धरू नका, तो आकडा हिशेबापुरता लिहिलेला असू शकतो. तिथल्या तारखा दस्त करून दिल्याच्या आणि नोंदणीच्या असतात, भाव बहुधा त्याआधीच ठरलेला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्षेत्रफळ कार्पेट (आतली वापरायची जागा) आहे की बिल्टअप (भिंतींसकट) ते बघा. जुन्या करारात बहुधा बिल्टअप असतं. आपल्या उदाहरणात करारात ७५० चौरस फूट बिल्टअप आहे, म्हणजे ६९.६८ चौरस मीटर (चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा). प्रत्यक्ष मोजलं तर कार्पेट निघतं ६२५. दुसरा एजंट त्याच फ्लॅटला जिना वगैरे सामाईक जागेचा वाटा धरून ‘९०० सेलेबल’ लिहितो. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की चौरस फुटाच्या दराला काही अर्थच राहत नाही. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. लेझर मोजणी यंत्र घ्या आणि स्वतः मोजा. दीड-दोन हजारांची ही वस्तू तुमच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त विश्वास कमावून देते.

समजा छाननीनंतर तीन सौदे उरले: ८४, ८७ आणि ८८ लाख, तिन्ही ७५० बिल्टअपचे. म्हणजे दर साधारण ११,२०० ते ११,७०० रुपये. मालकांसमोर तोंडी बोलू नका, हे तीन इंडेक्स टू छापून टेबलावर ठेवा. वरच्या सौद्यावर तीन-चार टक्के धरून ९१ लाख लिहा. त्यांनी १ कोटी १० चा हट्ट सोडला नाही तर ती लिस्टिंग (विक्रीची जाहिरात) घेऊ नका. नवीन लिस्टिंग पहिले दोन आठवडे ताजी असते. त्या भागात शोध लावून ठेवलेल्या खऱ्या गिऱ्हाइकांना तेव्हाच ती कळते. ते दिवस चुकीच्या भावात गेले आणि मग दर महिन्याला दोन लाख उतरवत बसलात, की लोक आणखी उतरायची वाट बघतात.

मग कागद. जाहिरातीच्या आधी मालकांकडून करार, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कंप्लिशन (बांधकाम पूर्णत्वाचा दाखला), मालमत्ता कराची पावती, वीजबिल, आणि कर्ज असेल तर बँकेचं बाकी रकमेचं पत्र घ्या. पार्किंगबद्दल सोसायटीचं पत्र मागा. स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) आणि उघडं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. त्यामुळे पत्र नसताना ‘पार्किंगसह’ लिहिलं की टोकनच्या वेळी भांडण ठरलेलं. कोथरूडमध्ये आणखी एक प्रश्न पहिल्याच फोनवर येतो: रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय? त्याचा टप्पा लिहूनच टाका. ठराव नाही, ठराव झाला, बिल्डर नेमला की डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट नोंदलं, यातलं जे असेल ते. ॲग्रीमेंट झालेल्या इमारतीतल्या जुन्या फ्लॅटला बऱ्याच बँका कर्ज द्यायला कां-कू करतात. हे गिऱ्हाइकाला तिसऱ्या भेटीत कळलं तर तुमचा महिना वाया गेला.

फोटो सकाळी ९ ते ११ मध्ये काढा, सगळे दिवे लावून, मोबाइल आडवा धरून छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यातून. वाइड लेन्सने खोली मोठी दाखवू नका, प्रत्यक्षात आलेला माणूस दारातच हिरमुसतो. वाळत घातलेले कपडे, कॅलेंडर, घरच्यांचे फोटो आणि दारावरची नावाची पाटी फ्रेमबाहेर ठेवा. पहिला फोटो खिडकीसकट हॉलचा असू द्या. इमारतीचा दर्शनी भाग पहिला टाकला तर दुसरे एजंट थेट सोसायटीत जाऊन मालकाला गाठतात, तो शेवटी टाका. ओटा, संडास-बाथरूम, जिना आणि पार्किंगची जागा नक्की दाखवा, नसेल तर लोक वाईटच गृहीत धरतात. गेटपासून जिना चढून दारापर्यंतचा एक दीड मिनिटाचा सलग व्हिडिओ संगीत न घालता घ्या. लिफ्ट नसलेला तिसरा मजला ज्याला चालणार नाही तो तिथेच गळतो आणि तुमचा शनिवार वाचतो.

मजकूर असा लिहा: ‘२ बीएचके, डहाणूकर कॉलनी. कार्पेट ६२५ चौ. फूट, मोजलेलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कंप्लिशन आहे. दुचाकीचं पार्किंग नक्की, चारचाकी आवारात जागा असेल तशी. रिडेव्हलपमेंटचा ठराव अजून नाही. किंमत ९१ लाख. शनिवार-रविवार सकाळी १० ते १ बघता येईल.’ ‘प्राइम लोकेशन’, ‘मेट्रोजवळ’ असलं काही नको. दारातून वनाज किंवा आयडियल कॉलनी स्टेशनपर्यंत स्वतः चालत जा आणि मिनिटं लिहा. खरेदीचा वरखर्चही सांगून ठेवा. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, खरेदीदार स्त्री असेल तर ६, नोंदणी फी या किमतीला ३०,००० रुपये. ५० लाख किंवा वर किंमत असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा असतो. विकणारा परदेशस्थ असेल तर टीडीएसचा नियम आणि दर दोन्ही वेगळे, तिथे सीए हवाच.

परदेशस्थ मालक या भागात पुष्कळ. आईवडील इथे, निर्णय घेणारी मुलं न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला. त्यांना दर रविवारी चार ओळी पाठवा: किती जण आले, काय म्हणाले, कोणी किती सांगितले. इतकं करणाऱ्याला दोन महिन्यांचं एकट्याने विकायचं लेखी पत्र मिळतं. पत्र नसेल तर तोच फ्लॅट पाच एजंट पाच भावांनी टाकतात आणि मालक अडचणीत आहे असं बाजारात पसरतं. पत्र मिळाल्यावर मात्र फ्लॅट दाबून ठेवायचा नाही. बाकीच्या एजंटांना सांगा, त्यांनी गिऱ्हाईक आणलं तर दलाली निम्मी-निम्मी. तिकडून पाठवलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचं प्रमाणन) केलेलं असावं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हे आधीच सांगितलंत तर शेवटची धावपळ टळते.

तुमच्या २५,००० चं: पहिले तीन महिने एवढे खर्चू नका. वर सांगितल्यासारख्या आठ-दहा लिस्टिंग हातात येईपर्यंत एका पोर्टलचं लहान पॅकेज पुरे. फेसबुकवर एकेका फ्लॅटची जाहिरात पाच दिवस, दिवसाला ३०० रुपये, आणि पिन टाकून तीन-चार किलोमीटरचाच परिसर. फेसबुकचा आयता फॉर्म वापरू नका. त्यात नंबर आपोआप भरला जातो आणि ‘मी काही भरलंच नाही’ म्हणणारे निघतात. जाहिरात थेट व्हॉट्सॲपवर उघडू द्या आणि पंधरा मिनिटांत उत्तर द्या. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, म्हणून भेटलेल्या प्रत्येकाला तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला सांगा. नंबरांच्या याद्या विकत घेऊन फोन लावत बसू नका, नकोशा फोनच्या तक्रारीसाठीच्या १९०९ या नंबरवर तक्रारी गेल्या की तुमचाच नंबर बंद होतो. झाडांवर, खांबांवर पाट्याही नकोत, १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे.

राहिलेल्या पैशांतून पंचवीस-तीस सोसायट्या निवडा आणि दर तीन महिन्यांनी एक पानी पत्रक काढा: या भागात नोंदलेले सौदे, क्षेत्रफळ, मोबदला, चौरस फुटाचा दर. सेक्रेटरीच्या हातात द्या, फलकावर लावायची परवानगी मागा. इंडेक्स टूमध्ये नावं असतात, ती छापायची नाहीत. विकायचा विचार मनात असलेला माणूस हे पत्रक जपून ठेवतो, कारण भाव कुणीच त्याला कागदावर दाखवलेला नसतो. गूगलवरचं व्यवसायाचं पानही करा, किल्ली दिल्याच्या दिवशी दोन्ही बाजूंकडे अभिप्राय मागा आणि त्यात भागाचं नाव यायला हवं असं सांगा.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं जुन्या वस्तीतल्या रिसेलचं आहे. रेराची कलमं मुख्यतः नोंदलेल्या प्रकल्पांसाठी आहेत, पूर्ण झालेल्या जुन्या सोसायटीतला प्रत्येक सौदा त्यांच्या कक्षेत येतोच असं नाही. खोट्या लिस्टिंगबद्दलचं माझं मत त्याने बदलत नाही. महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) एजंट म्हणून नोंदणी आणि त्याआधीचं २० तासांचं प्रशिक्षण व परीक्षा तुम्ही केली असेल असं धरतोय. नव्या प्रकल्पांचं चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरचे फ्लॅट दलालीवर विकणारा, म्हणून काम घेतलंत तर जाहिरातीत प्रकल्पाचा महारेरा नंबर, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड लागतो (१ ऑगस्ट २०२३ पासून), शिवाय स्वतःच्या पैशांनी प्रकल्पाच्या नावाची जाहिरात टाळा. लोक नाव वाचून बिल्डरच्याच साइटवर फॉर्म भरतात, गिऱ्हाईक तिकडे टॅग होतं (बिल्डरच्या नावावर नोंदलं जातं) आणि तुमची दलाली जाते. भेटीच्या आधी टॅग लेखी करून घ्या आणि तो किती दिवस टिकतो ते विचारा. भाड्याचं काम, विशेषतः हिंजवडी-वाकडकडचं, वेगाचं असतं. तिथे फ्लॅट दोन दिवसांत जातो, इंडेक्स टू काढत बसायला वेळ नसतो आणि पोर्टलवरच जास्त पैसे घालावे लागतात. प्लॉटचं मी यात काहीच धरलेलं नाही. सातबारा आणि एनए (बिगरशेती) कागद स्वतः बघितल्याशिवाय प्लॉटची एक ओळसुद्धा कुठे टाकू नका.