चौदा रात्री आणि चार गुण

डोंबिवली
13 जुलै 2025

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सीए इंटरचा निकाल सांगितलास आणि श्वासही न घेता म्हणालीस, "जाऊ दे आजी, लढाईत लोकांची मुलं गेली, माझं काय एवढं!" तेव्हा मी नुसतं "हं" म्हटलं. फोनवर मला सुचत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

तीनशेपैकी 146. प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर, पण तीन पेपरांच्या ग्रुपला मिळून दीडशे लागतात. चार गुणांनी सीए इंटरचा दुसरा ग्रुप राहिला. बँकेत छत्तीस वर्षं आकड्यांशीच संसार केला मी, चार म्हणजे किती ते मला कळतं. त्याचं वाईट वाटून घ्यायला तुला कुणाची परवानगी नको, सीमेवरच्या कुणाचीही नाही.

तुझा दादा सीमेवर, जम्मूच्या बाजूला. मे महिन्यात पाकिस्तानशी लढाई पेटली आणि चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता, तेव्हा तुझी आई मला दिवसातून तीनदा फोन करायची. त्यातच 9 ते 14 मेचे पेपर पुढे ढकलल्याची नोटीस आली. घरात चोवीस तास टीव्ही. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी तुम्ही रात्री पाहिलीत आणि सकाळी ती खोटी निघाली. (1971 साली, 4 डिसेंबरच्या रात्री, आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर खरोखर हल्ला केला होता. पण तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. मुंबईत दूरदर्शन आलं तेच पुढच्या वर्षी 2 ऑक्टोबरला.)

त्या डिसेंबरात मी गिरगावातल्या चाळीत होते, अकरावीला. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. 3 तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि मग रोज रात्री ब्लॅकआउट. खिडक्यांना काळा कागद, काचांवर खळीनं चिकटवलेल्या कागदी पट्ट्या, बल्बला पुठ्ठ्याची टोपी. टॅक्सीच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. जिन्यात चाचपडत उतरायचं. पहाटे आरेच्या केंद्रावर दुधाचं कार्ड घेऊन रांगेत उभं राहिलं की पुढचा माणूस दिसायचा नाही, फक्त बाटल्यांचा खणखणाट. कुठे फट राहून उजेड दिसला तर खालून ओरडा, "तिसरा मजला, लाइट!" तिसरा मजला म्हणजे आम्ही. मी पांघरुणात बॅटरी घेऊन वाचायचे. भूमिती नव्हते वाचत, कादंबरी वाचत होते. हे आज पहिल्यांदा लेखी देते आहे.

9 तारखेला दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. समोरच्या चाळीतल्या एका बाईंचा भाचा त्या बोटीवर होता. त्यानंतर आमच्या मजल्यावर कुणी कशाचीच तक्रार केली नाही. रॉकेल मिळालं नाही, शिवणाचा क्लास बंद पडला, कुणाचं ठरलेलं लग्न पुढे गेलं, सगळे गप्प. माझी मैत्रीण संडासाच्या रांगेत उभी राहून रडायची, कारण तिथे अंधार असे.

मार्चमध्ये मी गणितात गेले. 29 गुण. आणि मी काय केलं? वर्षभर जो भेटेल त्याला सांगितलं, "ब्लॅकआउटमुळे गेलं." लोकांनाही ते पटायचं. वडील गिरणीत जॉबर, फारसे न शिकलेले. त्यांनी एक दिवस कॅलेंडर खाली काढलं आणि बोट ठेवून मोजलं. 3 ते 17 डिसेंबर. "चौदा रात्री झाल्या," म्हणाले. "परीक्षा मार्चात. मधला जानेवारी-फेब्रुवारी पाकिस्ताननं नेला का?"

मला त्यांचा इतका राग आला होता की दोन दिवस जेवले नाही.

आता माझ्या मावसबहिणीचं सांगते. ती माण तालुक्यात, माझ्याच वयाची, माझ्याच इयत्तेत. तिची पत्रं यायची. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी 'शरणार्थी सहायता' छापलेलं पाच पैशांचं जादा तिकीट, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी. लढाई संपली तरी ते तिकीट राहिलं आणि त्याच पाकिटातून दुष्काळ यायला लागला. 1972. तिनं शाळा सोडली आणि पाझर तलावाच्या कामावर गेली. पाट्या उचलायच्या, खडी फोडायची, दुपारी कामावर वाटलेली सुकडी, घरी मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. मी ऑक्टोबरला बसून गणित सोडवलं. ती मॅट्रिक झाली 1975 साली, पुढे अंगणवाडीत लागली. आजही कुणी विचारलं तर सरळ सांगते, "माझी तीन वर्षं दुष्काळानं खाल्ली." तीनच सांगते. चार नाही आणि "जाऊ दे, काही नाही" असंही नाही. तिचा हिशेब चोख आहे, माझा नव्हता.

तर तू वहीचं एक पान घे आणि मध्ये रेघ मार. डावीकडे लढाईनं काय नेलं ते लिही. दादाचा फोन बंद होता त्या रात्रींची झोप तिकडे जाईल, आईचं रक्तदाबाचं प्रकरणही. कमी करून लिहू नकोस. उजवीकडे तुझं तू. कॉस्टिंगचा पेपर 9 तारखेचा 16 ला गेला, म्हणजे त्याला तुला सात दिवस जास्त मिळाले. ते कुठे गेले? फोन 12 तारखेला लागला, तू पुस्तक उघडलंस 15 ला, असं तूच म्हणालीस. मधले दिवस कुठल्या बाजूला लिहायचे ते तूच ठरव. मी तिथे नव्हते.

आणखी एक. कॉस्टिंगच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागव. गुण वाढतील म्हणून नाही, 41 कसे पडले ते दिसावं म्हणून. सप्टेंबरची परीक्षा द्यायची की जानेवारीची, हे पान लिहून झाल्यावर बोलू. आत्ता घाईनं फॉर्म भरलास तर तो निकालावरच्या रागानं भरलेला असेल.

दादाला निकाल कळवलास का? नसशील कळवला. त्याला त्रास नको म्हणून लपवशील, आणि तो सुट्टीवर आला की शेजारचं कुणीतरी सांगेल. पोरी, तू लिही त्याला. त्यालाही घरची खरी बातमी हवी असते.

रविवारी दहाच्या सुमारास ये. पान, प्रश्नपत्रिका आणि तुझा तो मोठा कॅल्क्युलेटर घेऊन ये. माझ्या मोबाइलवरची बटणं मला दिसत नाहीत.

तुझी,
आजी