सिरिंजमध्ये उकळणारे पाणी

प्रश्न: नववीची मुले द्रव्याच्या अवस्थांच्या व्याख्या पाठ करतात, पण कणांमधले अंतर त्यांना जाणवत नाही. कमी खर्चात काय करता येईल?

उत्तर: प्रत्येक गटाला सुई नसलेली २० मिलीची प्लास्टिकची सिरिंज द्या. १० मिली हवा घेऊन तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या दाबायला सांगा. हवा जवळपास निम्मी दबते, हात काढला की दट्ट्या परत येतो. मग १० मिली पाणी घ्या. दट्ट्या हलता कामा नये. हललाच, तर आत बुडबुडा राहिलाय. तोंड वर धरून टिचक्या मारा, तो बाहेर काढा. स्थायूही असाच दाबून दाखवायचा असेल तर खडू नको, त्याच्या छिद्रांत हवा असते.

खरी गंमत पुढे आहे. पाणी उकळून (विरघळलेली हवा निघून जाते) ६० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्या. हातमोजे घालून ५ मिली ओढा, तोंडाला रबरी टोपण घट्ट बसवा आणि दट्ट्या १५ मिलीपर्यंत खेचा. दाब घटताच पाणी ६० अंशांनाच उकळते! दट्ट्या सोडला की वाफेचे पुन्हा पाणी होते. बुडबुडा उरला, तर ती हवा. पाणी फार निवले तर उकळी नीट दिसत नाही, म्हणून थर्मामीटर भांड्यातच राहू द्या.